कापूस अडकतो तिथं

रामलिंग मिस्त्रीच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात पेन नसायचा, बिडीचं बंडल नसायचं, चष्मासुद्धा नसायचा. असायचा तो कापसाचा एक बोळा. सरकी काढलेला, हातानं पिंजलेला. लातूरच्या डाळमिलीतल्या कामगारांना वाटायचं, म्हातारा कानात अत्तराचा फाया घालतो की काय! अत्तर कुठलं? त्या बोळ्यावर त्याची सगळी विद्या उभी होती, आणि त्याच बोळ्यानं शेवटी त्याला तोंडघशी पाडलं. तो एकटा पडला असता तर मी ही गोष्ट सांगायला बसलोच नसतो. त्याच्यापायी एक पोर कायमची बसली.

माणूस मूळचा हदगाव तालुक्यातला. घरी कापसाचं रान, पण याचा जीव लोखंडात. नांदेडला आयटीआयमध्ये टर्नरचं काम शिकला आणि जुन्या नांदेडात एका बंदूक दुरुस्तीच्या दुकानात चिकटला. मालक हैदराबादेत हुनर शिकून आलेला. त्याला सगळे उस्तादच म्हणत, नाव कुणी घेत नसे. पहिल्याच आठवड्यात रामलिंगनं साफ केलेली रायफल भिंतीला टेकवून ठेवली, तोंड खाली आणि लाकडी दस्ता वर. उस्तादानं सणसणीत कानाखाली वाजवली. मग शांतपणे दोन चहा मागवले.

"गोळी नळीत हाय तोवर आपली," उस्ताद म्हणाला. "बाहेर पडली की खुदाची. मधी जो एक पलभर हाय ना बेटा, तो या काठाचा. याला धक्का लावायचा न्हाई."

पुस्तकात नळीच्या तोंडाच्या त्या काठाला क्राउन म्हणतात. उस्ताद ओठ म्हणायचा. गोळीच्या मागून बारूदाचा वायू जोरात येतो. ओठ सगळीकडून सारखा असला तर तो वायू गोळीभोवतून सारखा सुटतो आणि गोळी सरळ जाते. ओठाला एका जागी खसखशीच्या दाण्याएवढी जरी खोच पडली, तरी वायू आधी तिथूनच निसटतो आणि जाता जाता गोळीच्या बुडाला एका अंगानं धक्का देतो. एस.टी.तून उतरताना मागच्यानं एकाच खांद्याला ढकललं तर माणूस कसा तिरपा पडतो, तसं. दर वेळी एकाच बाजूला पडला असता तरी नेम धरायची साइट फिरवून घेता आली असती. तेही नाही. एक गोळी इकडं, दुसरी तिकडं, तिसरी मधोमध, की माणसाला वाटावं, आता जमलं बुवा!

ती खोच नुसत्या डोळ्याला दिसत नाही. ती शोधायची कापसानं. बोळा ओठावरून हलक्या हातानं गोल फिरवायचा. ओठ धड असेल तर कापूस गुळगुळीत फिरून येतो, आणि दुखावलेला असेल तर तिथं एखादा तंतू अडकून राहतो. एवढंच. पण एवढं करायला मराठवाड्यात तेव्हा दोनच माणसं होती, एक उस्ताद आणि दुसरा रामलिंग.

बावीस वर्षं झाली आणि उस्ताद गेला. दुकानाचा परवाना त्याच्या नावावर होता, तोही त्याच्याबरोबरच गेला. रामलिंग बायकोला घेऊन लातूरला आला, दिवसा डाळमिलीत फिटर आणि संध्याकाळी रायफल क्लबात बंदुका सांभाळायला. क्लब म्हणजे काय, डाळमिलीचं एक जुनं गोदाम आणि मागची पन्नास मीटरची मोकळी जागा. भिंतींना अजून तुरीच्या चुणीचा वास होता.

आता खरं सांगायचं तर माणूस हुनरी होता, पण खुनशी. दीरभावजयीचं भांडण, बांधावरचं भांडण हे सगळ्यांच्याच घरी असतं. याचं तसं नव्हतं. पुतण्याच्या लग्नात याला मानाचा फेटा बांधायचं राहून गेलं, तर हा सख्ख्या भावाशी अकरा वर्षं बोलला नाही. भाऊ वारला तेव्हा खांदा द्यायला गेला, पण भावजयीशी तिथंही बोलला नाही. बायको तुळजाबाई म्हणायची, "यांचा राग म्हंजी लोणचं हाय. जितकं मुरंल तितकं यांला ग्वाड." रामलिंग ते ऐकून मिशीत हसायचा. त्याला ती शाबासकी वाटायची.

क्लबाचे सचिव आणि शिकवणारे अनंतराव सर. गणिताचे निवृत्त मास्तर. तरुणपणी स्वतः नेम चांगला होता म्हणे. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण तो काढून घ्यायची भीती आणि सांगायची लाज. बोलायचे शुद्ध, पुण्याच्या रेडिओसारखं. जर्मनीची एक जुनी पॉइंट टू टू रायफल त्यांनी क्लबासाठी मिळवली होती आणि तिच्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज देवळात शिरल्यासारखा व्हायचा. रामलिंगला ते तीस वर्षांनी लहान पोराला बोलावं तसं "ए रामलिंग" म्हणायचे. मिस्त्री कधीच म्हटलं नाही. रामलिंगनं ते खिशातल्या कापसासारखं जपून ठेवलं होतं.

आणि त्या जर्मन रायफलीवर हात बसला होता तो वर्षाराणीचा. ही पोर हदगावकडचीच, रामलिंगच्या गावापासून दोन कोसांवरची. कॉलेजात एनसीसीत होती, तिथं कुणाच्या तरी लक्षात आलं की ही पालथं पडून गोळी मारते तेव्हा श्वास घेते की नाही तेच कळत नाही. सरांनी तिला क्लबात घेतलं. साठ गोळ्या, सहाशे गुण; ही पाचशे नव्वदीच्या खाली यायचीच नाही. राज्य स्पर्धेत पहिल्या तिघांत आली की खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरीची वाट उघडत होती. बापानं, शेषेरावानं, तिला दोन वर्षं दिली होती. एक संपलं होतं. येणाऱ्या जूनची स्पर्धा ही तिची शेवटची. हे तिला ठाऊक, सरांना ठाऊक, रामलिंगला तर सगळ्यात जास्त ठाऊक, कारण ती दर रविवारी त्याच्याच घरी जेवायला यायची. येताना घरच्या रानातला मूठभर कापूस आणायची. "काका, तुमच्या खिशाला," म्हणायची. तुळजाबाईला मूलबाळ नव्हतं. ती हिच्या ताटात तूप वाढताना हात आखडायची नाही.

तर खंडेनवमी आली. क्लबात शस्त्रपूजा दणक्यात व्हायची. आणि त्या पूजेची सरांची एक रीत होती: नळीचं तोंड देवीकडं नको, माणसांकडं नको, म्हणून जमिनीकडं. दस्ता वर, म्हणजे हळदकुंकू लाकडाला लागतं, लोखंडाला नाही. दिसायला रीत शहाणपणाची. रामलिंगला उस्तादाची थप्पड आठवायची, पण देवाच्या कामात बोलायचं कसं? त्यानं आपली युक्ती काढली होती. दरवर्षी घोंगडीची चौपदरी घडी शहाबादी फरशीवर टाकायची आणि तिच्यावर रायफली उभ्या करायच्या.

त्या वर्षी प्रमुख पाहुणे म्हणून गावातला एक बडा डॉक्टर बोलावला होता, फोटोवाला होता. सरांची नजर घोंगडीवर गेली.

"हे काय घोंगडं? काढ ते. फोटोत काय दिसेल?"

"सर, फरशी लागंल तोंडाला," रामलिंग म्हणाला. "राहू द्या. वर पिवळं कापड टाकतो."

"तू काय भटजी आहेस का?" सर पाहुण्यांकडं बघून हसले. "अहो, हा आमचा डाळमिलीचा फिटर. याला वाटतं बंदूक म्हणजे काचेची बरणी."

पाहुणे हसले, फोटोवालाही हसला. सरांनी स्वतःच वाकून घोंगडी ओढली. जर्मन रायफल घसरली आणि तिचं तोंड फरशीवर टक्कन आपटलं. आवाज तो केवढा? अक्रोड फोडावा इतका. झेंडूच्या माळा, आरती, पेढे, सगळं पार पडलं.

लोक गेल्यावर रामलिंगनं खिशातून बोळा काढला आणि ओठावरून फिरवला. घड्याळात पाच वाजतात त्या जागी दोन तंतू अडकले. तेव्हा त्याच्या मनात राग नव्हता, हे सांगितलं पाहिजे. तो तसाच सरांकडं गेला.

"सर, ओठ दुखावला. अर्धा तास द्या, नीट करून देतो."

"काय करशील?"

"पितळी स्क्रूचं गोल डोकं घ्यायचं, व्हॉल्व घासायची पेस्ट लावायची अन् हातानं घुमवायचं. नवा काठ पडतो."

"जर्मन नळीला तू गॅरेजची पेस्ट लावणार?" सरांनी चष्मा काढला. "ऐक. माझ्या परवानगीशिवाय तिला तेलपाण्यापलीकडं हात लावायचा नाही. कुलूप लाव आणि घरी जा."

घरी गेला. जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सोनं वाटायच्या वेळी तुळजाबाईला म्हणाला, "आता त्यानं माझ्यापाशी यावं. मिस्त्री, जरा बघून घे, असं तोंडानं म्हनावं. तवर म्या न्हाई."

"अन् पोरीचं?" तुळजाबाई म्हणाली. "ती बंदूक वर्षाच्या हातात हाय की वो."

"चार दिसांत पोरीचा नेम चुकल्याला दिसंल त्याला, येतंय झक मारत."

चार दिवस झाले, चाळीस झाले. वर्षाचे गुण नव्वदीवरून ऐंशीवर आले, ऐंशीवरून पंच्याहत्तरवर. सर काही झक मारत आले नाहीत. त्यांना बंदुकीवर संशय येण्याचं कारणच नव्हतं, आणि ताडून बघायला तिच्या तोडीची दुसरी रायफल क्लबात नव्हती. बंदूक जर्मन आणि पोर हदगावची! त्यांनी स्वतः पालथं पडून पाच गोळ्या मारून बघितल्या असत्या तर कळलं असतं, पण डोळे कुठे होते? मग त्यांनी पोरीला धरलं.

काय काय केलं म्हणून सांगू! आधी चहा बंद केला, चहानं हात हलतात म्हणून. मग संक्रांतीला घरी जायचं बंद केलं. रोज तासभर रिकामी रायफल धरून ठेवायची, नळीवर रुपयाचं नाणं. नाणं पडलं की तास पुन्हा पहिल्यापासून. नाणं पडत नव्हतं, हे रामलिंग बघत होता. तरी गोळ्या फाकत होत्या. मग सरांनी तिला नव्या मुलामुलींपुढं उभं केलं आणि तिचं निशाण्याचं कार्ड तिलाच मोठ्यानं वाचायला लावलं. दहा, नऊ, आठ, दहा, आठ.

"मोठ्यानं," सर म्हणाले. "मागच्यांना ऐकू गेलं पाहिजे. हे हात नाहीत, खुरपी आहेत. कापूस वेचायला ठीक. कापूस काय, थोडा इकडं तोडला काय, तिकडं तोडला काय!"

मुलं हसली. मुलंच ती. वर्षानं कार्ड शेवटपर्यंत वाचलं. रामलिंग दारात चिंधीनं बोल्ट पुसत उभा होता. त्याच्या मनात काय आलं माहीत आहे? आलं का तुझ्या अंगाशी, मास्तरा! पोरीचं वाईट वाटलं नाही असं नाही, वाटलं. पण त्या वाईट वाटण्याच्या वर एक थर समाधानाचा होता, आणि तो त्याला खाली दाबता येत नव्हता. खरं तर दाबायचाही नव्हता.

माघातल्या एका दुपारी ती त्याच्याकडं आली. क्लबात दुसरं कुणी नव्हतं. ती स्टुलावर बसली आणि स्वतःचा उजवा हात पालथा करून बघत राहिली.

"काका, एक इचारू? खरं सांगाल?"

"इचार की."

"बंदुकीत काय हाय का हो? म्या श्वास तसाच धरून राहिले. बोट तसंच दाबून राहिले. गोळी सुटती तवा मला वाटतं दहा. बघते तर आठ. साइटचे क्लिक फिरवून फिरवून थकले. तुमाला ठावं असंल तर सांगा. म्या सरांला तुमचं नाव न्हाई सांगनार."

बघा, पोरीनं दार सताड उघडून दिलं होतं. नावही घेणार नव्हती. नुसतं 'हाव' म्हणायचं होतं. पण त्याच्या डोक्यात हिशेब निराळा चालला. हिला सांगितलं की ही सरांना सांगणार, नाव नाही घेतलं तरी सांगणार. मग सर ती बंदूक गुपचूप पुण्याला नाहीतर आणखी कुठं धाडून नीट करून आणणार, आणि आपल्याकडं यायची वेळच येणार नाही. चार महिने मुरवलेलं सगळं वाया.

"बंदुकीत काय न्हाई," तो म्हणाला. "म्या रोज बघतो की."

"बरं," ती म्हणाली. स्टुलावरून उठली. "मग मीच हाय तर."

त्यानंतर तिनं बंदुकीबद्दल कधी विचारलं नाही. सर म्हणत होते ते तिनं एक वेळ मानलं नसतं, पण काका म्हणाले म्हटल्यावर संपलंच. आणि आता ऐका, होळीच्या सुमारास तिचा हात खरंच हलायला लागला. आधी नुसतं नाणं धरताना, मग वेणी घालताना, मग रविवारी भाकरीचा तुकडा मोडताना. तुळजाबाईनं ते बघितलं आणि रामलिंगकडं बघितलं. त्यानं ताटात मान घातली.

वर्षा गेल्यावर तुळजाबाईनं भांडी तशीच टाकली. "मास्तरावरचा राग हाय न्हवं? मग मास्तरावर काढा. वड्याचं तेल वांग्यावर काढून राहिलात तुमी. म्या सांगनार तिला."

"सांगितलंस तर माझ्या गळ्याची आन हाय तुला."

बाईमाणूस. कुंकवाची आण घातल्यावर काय बोलणार? ती बोलली नाही. पण पुढच्या रविवारपासून वर्षा आली की ही देवळात निघून जायची, पोरीपुढं थांबायचीच नाही. वर्षाला वाटलं, काकूंनाही आपला कंटाळा आला. तिनं यायचं बंद केलं.

जूनमध्ये पुण्याला राज्य स्पर्धा झाली. वर्षा एकतिसावी आली. शेषेराव लातूरला येऊन तिचं सामान घेऊन गेले. एवढंच म्हणाले, "दोन वर्सं दिली व्हती, बाई. दिली का न्हाई?" तिनं मान हलवली. क्लबाचं शूटिंगचं जाकीट तेवढं चुकून त्या सामानात गेलं.

महिन्याभरानं सरांनी जर्मन रायफल मालविकाला दिली. मालविका म्हणजे त्याच खंडेनवमीच्या पाहुण्या डॉक्टरची मुलगी. बरी होती नेमानं, वाईट नव्हती. रायफल देताना डॉक्टर स्वतः हजर. सरांना काय वाटलं कोण जाणे, बड्या माणसापुढं क्लब नीटनेटका दिसावा म्हणून असेल, ते दारातल्या रामलिंगकडं वळले आणि म्हणाले,

"मिस्त्री, जरा बघून घ्या बुवा एकदा. तुमच्याशिवाय कोण बघणार?"

मिस्त्री! आणि वर घ्या! चारचौघांत! नऊ महिने ज्याची वाट बघितली ते असं सुखासुखी ओंजळीत पडलं. रामलिंगचा ऊर भरून आला. मेल्याला त्या क्षणी वर्षाची आठवणसुद्धा झाली नाही. त्यानं रायफल आत नेली, नळी खालच्या अंगाला कलती शिकंज्यात धरली, आत बोळा कोंबला, पितळी स्क्रूच्या डोक्याला पेस्ट लावली आणि हातानं घुमवायला लागला. उलटा, सुलटा, उलटा, सुलटा. गुणगुणत होता म्हणे. पंचवीस मिनिटांत नवा ओठ पडला, आरशासारखा. कापूस फिरवला. कापूस तुपावरून फिरावा तसा फिरून आला. असं काम आपल्या हातून उस्ताद गेल्यापासून झालं नव्हतं, असं त्याला वाटलं, आणि ते खरंच होतं.

मालविकानं दुसऱ्याच आठवड्यात कार्ड मारलं ते असं की दहा गोळ्यांचं मिळून एकच भोक. चवलीच्या नाण्यानं झाकावं एवढं. सर आनंदानं वेडे झाले. त्यांनी ते कार्ड फळ्यावर लावलं. शेजारी वर्षाचं एक जुनं कार्ड लावलं, ते आठनवांचं, चाळणी झालेलं. आणि दोन्हींच्या खाली आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं: बंदूक तीच. हात वेगळे.

रामलिंगनं ते वाचलं. नऊ महिन्यांत पहिल्यांदा आपण होऊन तो सरांच्या टेबलापाशी गेला. "सर, ते कार्ड काढा. वर्षाची चूक नव्हती. खंडेनवमीला ओठ दुखावला व्हता. म्या गेल्या आठवड्यात नीट केला."

सरांनी वहीतून मान वर केली. मास्तर होते, हुशार होते. त्यांना सगळं एका दमात समजलं. फरशीचा टक्क आवाजही त्यांना आठवला असेल. चेहरा पांढरा पडला आणि मग हळूहळू सावरला.

"पुरावा?" ते म्हणाले.

रामलिंगनं फळ्यावरच्या दोन कार्डांकडं बोट केलं.

"आणि खरं असेल, तर तू नऊ महिने मूग गिळून बसलास. ती मुलगी रोज तुझ्यासमोर रडत होती. हे फळ्यावर लिहू? माझ्या अक्षरात?" ते पुन्हा वहीत बघू लागले. "जा, रामलिंग. मालविकाची वेळ झाली."

मिस्त्री गेलं, रामलिंग उरलं.

श्रावणात वर्षा जाकीट परत करायला आली. वाळली होती. डोक्यावरून ओढणी, हातात एक पुडी. आत आली ती फळ्यापुढं थांबली. रामलिंगला ती दिसली, पण तो जागेवरच बसून राहिला. तिनं दोन्ही कार्डं बघितली, खालची ओळ वाचली. मग मालविकाच्या कार्डावरच्या भोकावर बोट ठेवलं. बोट हलत होतं, भोकावर टिकत नव्हतं. तिनं डाव्या हातानं मनगट धरलं आणि मग ठेवलं.

रामलिंग धडपडत उठला. "वर्षा, हिकडं ये. आत ये. तुला काय सांगायचं हाय."

आत नेऊन त्यानं सगळं सांगितलं. घोंगडी, फरशी, दोन तंतू. सरांनी हात लावू नको म्हटलं ते. माघातल्या दुपारी आपण खोटं बोललो तेही सांगितलं, आणि हे त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड वाक्य होतं. सांगताना तो रडत होता. वर्षा शांतपणे ऐकत होती. मध्ये एकदा तिनं त्याला पाण्याचा तांब्या दिला.

"असू द्या काका," ती म्हणाली. "काकूबी हेच बोलल्या. आखाडात गावाकडं आल्या व्हत्या, घरी येऊन गेल्या. बंदूकच बिघडली व्हती म्हने. म्या म्हनलं, काकू, माझ्यापायी इतकं खोटं नका बोलू."

तुळजाबाईनं आण मोडली होती. नवऱ्याच्या गळ्याची आण मोडून ती बाई एस.टी.नं हदगावला गेली होती आणि हात हलवत परत आली होती, आणि घरी येऊन अवाक्षर बोलली नव्हती.

"खोटं न्हाई गं माय!" रामलिंग ओरडलाच. "थांब. दावतो तुला. थांब."

त्यानं कपाट उघडलं, रायफल काढली, बोल्ट काढून बाजूला ठेवला. खिशात हात घातला तर बोळा तेलानं मेणचट झालेला. वर्षानं हातातली पुडी उघडून त्याच्यापुढं धरली. "तुमच्या खिशालाच आनला व्हता," ती म्हणाली. यंदाचा नव्हे, गेल्या सालचा शिलकीतला कापूस, पण शुभ्र. त्यानं तो घेतला, ओठावर टेकवला.

"ही बघ. पाच वाजत्यात ना, त्या जागी. हितं अडकायचा. बघ तू."

कापूस गोल फिरला. पाचच्या जागेवरून गेला, सहावर गेला, बारावर गेला, परत पाचवर आला. कुठंच अडकला नाही. त्यानं पुन्हा फिरवला, दाबून फिरवला. नवा ओठ आरशासारखा होता. त्याच्याच हातचं काम, आणि कामात खोट काढायला जागा नव्हती. कापसाचं जन्मभर बघत आलेली ती पोर त्या बोळ्याकडं नीट बघत होती. एक तंतूसुद्धा तुटला नाही.

"हितं व्हता," तो म्हणाला. "म्या घासून काढला. आईच्यान सांगतो, हितंच व्हता."

"काका," वर्षानं त्याच्या हातातून रायफल हळूच घेतली आणि कपाटात ठेवली. तोंड वर, दस्ता खाली, त्यानंच शिकवलं होतं तसं. "मला बरं वाटावं म्हनून तुमी सवताच्या अंगावर घेऊन राहिलात. कळतं मला. सर वाईट बोलले, पोरं हसली, बाप बोलंना झाला. तुमी दोघं तेवढे मायेनं वागलात. माघात इचारलं तवा बी तुमी खरं तेच सांगितलं, मन राखायला काय बोलला न्हाईत. म्हनून तर म्या मानलं."

आता तो जे बोलेल ते तिला मायाच वाटणार होती.

ती वाकली आणि त्याच्या दोन्ही पायांवर हात ठेवले. उजवा हात त्याच्या पावलावर थरथरत होता, थांबतच नव्हता. पाया पडलेल्या पोरीला मोठ्या माणसानं काहीतरी म्हणायचं असतं. रामलिंग मिस्त्रीच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "यशस्वी हो."

"हाव, काका," ती म्हणाली, आणि जाकिटाची घडी स्टुलावर ठेवून हदगावच्या गाडीसाठी स्टँडकडं गेली.